विमान ढकलणारी गाडी आणि प्लास्टिकच्या जोडविटा

चंदीगड शहराच्या तीस क्रमांकाच्या सेक्टरमध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेचे आवार आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ही संस्था १९५९ मध्ये स्थापन केली आणि १९६२ मध्ये ती दिल्लीहून चंदीगडला आली. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सहकार्याने तेथे इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. देशाला सूक्ष्म उपकरणे हवी असतील तर ती घडविणारे हात आधी तयार करावे लागतात, हा त्यामागील विचार होता. पुढे याच संघटनेने तेजस या लढाऊ विमानासाठी, वैमानिकाच्या दृष्टीसमोरील काचेवर उड्डाणाची माहिती उमटविणारे दर्शक-साधन विकसित केले. असे साधन एकदम निर्माण होत नाही. उपकरणे घडविण्याची विद्या जेथे जेथे शिकवली जाते तेथे उमेदवाराचे प्रारंभीचे दिवस कानस हातात धरून धातूचा एक ठोकळा काटकोनात आणण्यात जातात. आणि गुण्या व सूक्ष्ममापी ही दोन निर्जीव साधने त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहतात की, अजून साधलेले नाही.

शाळकरी मुलास असे निःपक्षपाती परीक्षक क्वचितच लाभतात. शाळांच्या विज्ञानप्रदर्शनांत दरवर्षी पुष्कळ प्रतिकृती मांडल्या जातात. थर्माकोलचे धरण असते, पुठ्ठ्याचा विमानतळ असतो, तांबड्या रंगाची अग्निशामक गाडी असते. त्यांची पारख बहुधा दिसण्यावरून होते. धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपत नाही, कारण धरणात पाणी नसतेच. गाडीस मोटर बसविलेली असली, तर ती टेबलावर चार वीत धावली की टाळ्या पडतात आणि परीक्षक पुढील टेबलाकडे वळतात. ती किती भार ओढते, चढावर थांबते की घसरते, तिच्या मोटरच्या फेऱ्यांपैकी किती चाकापर्यंत पोचतात, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही. या पुस्तिकेचे प्रतिपादन असे आहे की, मोटरवर चालणाऱ्या प्रतिकृतीची परीक्षा तिच्या कामावरूनच व्हावी. आणि त्यासाठी विषय असा निवडावा की, खऱ्या यंत्रापुढे जी अडचण असते तीच प्रतिकृतीपुढेही उभी राहावी. असा एक उत्तम विषय विमानतळावर सापडतो. तो घडविण्यासाठी प्लास्टिकच्या जोडविटांइतके सोयीचे साहित्य आज दुसरे नाही.

विमानतळावरील वाहनांपैकी मुलांना अग्निशामक गाडी सर्वांत अधिक मोहविते. धावपट्टीच्या कोणत्याही भागापर्यंत तीन मिनिटांच्या आत पोचता आले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडक आहे, आणि त्या गाडीची अवाढव्य चाके व प्रचंड इंजिन त्या तीन मिनिटांसाठीच असतात. परंतु टेबलावरील प्रतिकृतीत या अडचणीचा मागमूस राहत नाही. टेबलावर घाई कसली? फेसाचा मारा, ज्वाळांचा ताप, ओल्या मातीत रुतणारी चाके, यांतील काहीच तेथे येत नाही. राहतो तो तांबडा रंग. सामान वाहणारी छोटी गाडी, शिडीची गाडी, इंधनाची टाकी यांचीही तीच गत. यांपेक्षा एक बुटके, बेढब, कोणाच्या नजरेत न भरणारे वाहन निवडावे. ते म्हणजे विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर, ज्याला विमानतळावरील कामगार टग म्हणतात.

प्रवाशांना घेऊन विमान इमारतीकडे नाक करून उभे असते. निघताना त्याला प्रथम मागे सरावे लागते. मोटारगाडीप्रमाणे त्याच्या चाकांना इंजिनाची गती मिळत नाही. इंजिने हवा मागे फेकतात आणि विमान पुढे जाते. काही विमानांना इंजिनाचा झोत उलटवून मागे सरणे शक्य असते, तथापि त्या झोताने खडे उडतात, काचा धोक्यात येतात व माणसे जायबंदी होऊ शकतात. म्हणून इमारतीजवळ तो मार्ग टाळला जातो. तेथे टग येतो. एक लांब पोलादी जोडदांडा त्याच्या पुढच्या अंगाला व विमानाच्या नाकाखालील चाकाला जोडला जातो, आणि माणसाच्या चालीच्या वेगाने टग विमानास मागे ढकलू लागतो. एअरबस ए-३२० जातीच्या भरलेल्या विमानाचे वजन ७८ टनांच्या आसपास जाऊ शकते. ते ढकलणाऱ्या टगमध्ये दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, त्याचे वजन मुद्दाम वाढविलेले असते. दुसरी, जोडदांड्यात एक खिळा मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, म्हणजे ओढ मर्यादेबाहेर गेली तर प्रथम तो तुटावा आणि विमानाचे मोलाचे चाकखूर वाचावे. वाहनात वजन वाढविणे आणि जोडणीत दुर्बलता ठेवणे, हे दोन्ही प्रकार वरवर उलटे वाटतात. मुलाला त्यांचे कारण पुस्तकातून सांगता येते, परंतु स्वतःच्या हातांनी टग बांधणाऱ्याला ते सांगावे लागत नाही.

आता प्रमाणाचा हिशेब पाहू. प्रतिकृती एकास चाळीस या मापाची धरली, तर साडेसदतीस मीटर लांबीचे ए-३२० सुमारे ९४ सेंटिमीटरचे होते, आणि आठ मीटरचा टग २० सेंटिमीटरचा. वर्गातील टेबलावर दोन्ही मावतात. लांबी चाळिसाव्या हिश्शाने घटली की घनफळ चाळीस गुणिले चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे ६४ हजार पटींनी घटते. म्हणून ७८ टनांच्या विमानाऐवजी पुठ्ठ्याच्या सांगाड्यात वाळूच्या पुड्या ठेवून सव्वा किलोचे विमान करावे लागते, आणि वीस टनांच्या टगला सुमारे ३१० ग्रॅम पुरतात. सहा साधे पेन्सिल-सेल, त्यांची डबी, एक मोटर व शेसव्वाशे विटा यांचे वजन सुमारे तेवढेच भरते. वेगाचा हिशेब दिसण्यापुरता करावयाचा तर ताशी पाच किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे १३९ सेंटिमीटर. त्याचा चाळिसावा भाग साडेतीन सेंटिमीटर. जोडविटांच्या संचांतून मिळणारी मध्यम आकाराची मोटर नऊ व्होल्टवर भाराविना मिनिटास सुमारे ४०० फेरे घेते. तिच्या आसावर ४३ मिलिमीटर व्यासाचे चाक सरळ बसविले तर गाडी सेकंदास ९० सेंटिमीटर धावेल, म्हणजे टेबलावरून खाली पडेल. वेग पंचवीस पटींनी कमी केला पाहिजे. येथपर्यंत गणित कागदावर आहे. यापुढे ते विटांत उतरवावयाचे आहे, आणि विटांचा खरा गुण तेथेच दिसतो.

या विटांचा इतिहास थोडक्यात असा. डेन्मार्कमधील बिलुंड गावचा सुतार ओले किर्क ख्रिस्तियानसेन याने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला, आणि १९३४ मध्ये त्याच्या कारखान्यास लेगो हे नाव मिळाले. एकमेकींवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा ही मूळ कल्पना हिलरी फिशर पेज या इंग्रज गृहस्थाची. डॅनिश कारखान्याने ती घेऊन १९४९ पासून आपल्या विटा काढल्या. त्या नीट धरून राहत नसत. विटेच्या पोकळ पोटात नळ्या बसविण्याची युक्ती सुचली तेव्हा पकड आली, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या एकस्वासाठी अर्ज झाला. आरंभीचे सेल्युलोज ॲसिटेट काळाच्या ओघात वाकत असे. ते सोडून एबीएस हे टणक प्लास्टिक १९६३ मध्ये स्वीकारले गेले. योगायोगाने तेच चंदीगडच्या प्रशिक्षण केंद्राचे जन्मवर्ष. तेव्हापासून एका विटेवर दुसरी बसविताना लागणारा किंचित जोर आणि काढताना होणारा तो परिचित आवाज जगभर तसाच राहिला आहे. ही पकड मिलिमीटरच्या काही शतांश भागांच्या खेळावर अवलंबून असते. खुंटी तेवढीही जाड झाली तर मूल ती बसवू शकणार नाही, आणि तेवढीही बारीक झाली तर वीट गळून पडेल. १९५८ मधील वीट आजच्या विटेवर बसते, या वाक्यात साठ-सत्तर वर्षांची मापनविद्या सामावलेली आहे.

मापे ठरलेली आहेत आणि ती मुलाने पाठ करण्यापेक्षा मोजपट्टी लावून शोधावीत. दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, पातळ पाटीची उंची तिच्या एक तृतीयांश म्हणजे ३.२ मिलिमीटर. आडवे माप आणि उभे माप जुळत नाही, ही पहिली अडचण येथेच उभी राहते. आडव्या तुळईला दर ८ मिलिमीटरला एक छिद्र असते. त्यांत आस घालून शेजारी शेजारी दंतचक्रे बसविता येतात. परंतु एक तुळई दुसरीवर ठेवली तर वरच्या व खालच्या छिद्रांतील अंतर ९.६ होते व चक्रे एकमेकांत नीट अडकत नाहीत. मूल थोडा वेळ चिडते. मग केव्हातरी त्याच्या ध्यानी येते की, दोन तुळयांमध्ये दोन पाट्या घातल्या तर ९.६ अधिक ६.४, बरोबर १६ मिलिमीटर होतात, म्हणजे दोन खुंट्यांचे अंतर. हा शोध शिक्षकाने आधी सांगून टाकू नये. अपूर्णांकांची बेरीज उपयोगी पडल्याचा आनंद मुलाला शाळेत वारंवार मिळत नाही.

दंतचक्रांचीही रचना त्याच मापावर बेतलेली आहे. त्यांच्या दात्यांची संख्या आणि मिलिमीटरमधील परिणामी व्यास एकच असतात. आठ दात्यांच्या चक्राची त्रिज्या ४, चोवीस दात्यांची १२, चाळीस दात्यांची २०. आठ व चोवीस यांची जोडी १६ मिलिमीटरवर बसते. आठ व चाळीस यांची २४ मिलिमीटरवर. दोन्ही अंतरे आठाच्या पटीत आहेत, म्हणून तुळईच्या छिद्रांत अचूक जुळतात. सोळा व चोवीस यांची जोडी मात्र २० मिलिमीटर मागते आणि सरळ रेषेतील छिद्रांत बसत नाही. तिच्यासाठी तिरकस जागा किंवा अर्ध्या खुंटीची युक्ती शोधावी लागते. टगसाठी आठ-चाळीसच्या दोन जोड्या एकापुढे एक घेतल्या की पाच पंचे पंचवीस. मोटरचे चारशे फेरे चाकाशी सोळा होतात, आणि चाकाचा परीघ सुमारे साडेतेरा सेंटिमीटर असल्यामुळे गाडी सेकंदास ३.६ सेंटिमीटर सरकते. कागदावरील उत्तर साडेतीन होते. टेबलावर मोजपट्टी व घड्याळ घेऊन पाहिले असता ते याहून थोडे कमीच येईल, कारण आस छिद्रांत घासतात आणि सेल थकत जातात. हा फरक किती व का, हे लिहून काढण्यात जे शिक्षण आहे ते गाडी रंगविण्यात नाही.

टग तयार झाल्यावर मुले तिला भार लावतात आणि थोड्याच वेळात ती जागच्या जागी चाके फिरवू लागते. जवळजवळ प्रत्येक मुलाचा पहिला निष्कर्ष असा असतो की, मोटर अशक्त आहे. दुसरी मोटर जोडली जाते. ओढ वाढत नाही. चाके तेवढी अधिक जोमाने घसरतात. पंचवीस पटींची दंतचक्रे काढून सव्वाशे पटींची लावली तरी ओढ वाढत नाही. गाडी केवळ मंद होते. शेवटी कोणीतरी टगच्या पाठीवर कंपासपेटी ठेवतो आणि ओढ एकदम वाढते. मोटरमध्ये जोर होता, परंतु जमिनीने तो घेतला नव्हता. रबरी चाक जमिनीला जितके दाबले जाते त्या मानाने त्याची पकड असते, आणि तीनशे ग्रॅमच्या गाडीला टेबलावर तिच्या वजनाइतकी ओढसुद्धा बहुधा साधत नाही. स्प्रिंगचा काटा एका टोकाला बांधून टगला ओढावयास लावले आणि पाठीवर पन्नास पन्नास ग्रॅम वाढवीत गेले, तर वजन व ओढ यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत मिळतो. तोच प्रयोग धूळ पसरलेल्या फरशीवर किंवा ओल्या फरशीवर करावा. रेषा खाली बसते. पावसाळ्यात विमानतळाच्या फरशीवर टग चालविणाऱ्या माणसाची चिंता तेथे आकड्यांत उतरलेली असते. विमानतळावरील टग इतके जड का असतात, या प्रश्नाचे उत्तर आता कोणालाही विचारावे लागत नाही.

याहून मोलाचा धडा ओढण्यात नसून ढकलण्यात आहे. टगने विमान ओढले तर ते निमूटपणे मागून येते. जोडदांडा तोच, गाडी तीच, फक्त मोटरची दिशा उलटवून विमान ढकलावयास घेतले की पहिल्या काही सेंटिमीटरांत जोडदांडा तिरपा होतो, विमानाचे नाक एका बाजूला वळते आणि सर्व सांगाडा चाकूप्रमाणे मिटतो. पुन्हा सरळ लावून पाहिले तरी तेच. दांडा दोन्ही टोकांना फिरता आहे. ओढताना ताण त्याला सरळ करतो, ढकलताना दाब लहानसा कोन वाढवीत नेतो. बैलगाडी मागे रेटताना किंवा ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली उलटी घेताना शेतकऱ्याला जी कसरत करावी लागते तीच ही. विमानाचे शेपूट एका बाजूला न्यावयाचे तर टगचालकाला आधी वाहन भलत्याच बाजूला वळवावे लागते, कोन तयार झाला की लगेच त्याचा पाठलाग करावा लागतो. प्रतिकृतीला सुकाणूची सोय केल्यावर हे कौशल्य मुलाच्या बोटांना हळूहळू येते, व ते न येता प्रतिकृती काम करीत नाही.

यातून पुढची पायरी पुष्कळदा मुलेच सुचवितात. दांडा काढून टाका, आणि विमानाचे पुढचे चाकच टगच्या पोटात घ्या. खऱ्या विमानतळांवर असे दांडाविरहित टग आहेत. ते नाकाखालचे चाक एका पाळण्यात उचलून धरतात. त्यामुळे फिरत्या सांध्यांपैकी एक नाहीसा होतो, आणि विमानाच्या पुढच्या भागाचे वजन टगच्या चाकांवर येऊन पकड वाढते. टगने स्वतः तेवढे जड असण्याची गरज उरत नाही. जोडविटांच्या टगमध्ये हा बदल एका दुपारी करता येतो. दांड्याच्या टगची ओढ आणि पाळण्याच्या टगची ओढ एकाच काट्यावर मोजून शेजारी शेजारी लिहिता येते. पुठ्ठा व गोंद यांची प्रतिकृती एकदा चुकली की फेकावी लागते. विटांची प्रतिकृती चुकली की बदलली जाते. या साहित्याची बाजू घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच. याच दिशेने यंत्रज्ञ आणखी पुढे गेले आहेत. टॅक्सीबॉट नावाच्या दांडाविरहित टगचे नियंत्रण विमानातील वैमानिकाच्या हाती येते, आणि धावपट्टीच्या जवळ पोचेपर्यंत विमानाची इंजिने बंद ठेवता येतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये एअर इंडियाने दिल्ली विमानतळावर प्रवाशांनी भरलेल्या ए-३२० विमानासाठी त्याचा वापर केला.

प्रतिकृती काय शिकवीत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर उत्साहाच्या भरात मुलाची फसगत होते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले होते की, वस्तू मोठी होत जाते तसे तिचे वजन घनाच्या प्रमाणात वाढते, परंतु तिच्या आधारांची ताकद केवळ छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. एकास चाळीस मापाच्या टगचा सांगाडा म्हणूनच खऱ्याच्या मानाने, पदार्थ तोच धरला तर, चाळीस पट बळकट असतो. प्लास्टिकचा बारीक आस भार सहज पेलतो हे पाहून खऱ्या आसाबद्दल अनुमान काढू नये. थांबण्याचे अंतर, तापणारे ब्रेक, जडत्वाने पुढे रेटणारे ७८ टन, यांची कल्पना सव्वा किलोच्या विमानावरून येत नाही. पकड आणि सांध्यांची अस्थिरता एवढ्याच दोन गोष्टी या प्रतिकृतीत प्रामाणिकपणे उतरतात. पण त्या पुरेशा आहेत. कमकुवत खिळ्याचा विचारही एका छोट्या भागात भेटतो. जोडविटांच्या संचांत चोवीस दात्यांचे एक दंतचक्र असे असते की, ठरावीक पिळापलीकडे त्याचा मधला भाग आतल्या आत घसरतो व मोटर जळण्यापासून वाचते.

यावर एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो रास्त आहे. हे संच महाग आहेत. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमिती व यंत्रशास्त्र उभे केले; पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञानशोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी हजारो मुलांनी पाहिली व करून घरी नेली. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून खेड्यातील मुलांच्या हाती खेळणी न देता वेल्डिंगची कांडी, बांधकामाचा ओळंबा आणि शेतीची अवजारे दिली. या दोन मार्गांपुढे परदेशी प्लास्टिकचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, काड्यांचे घर व विटांचा टग यांचे काम वेगळे आहे. एखादे तत्त्व दाखवावयाचे असेल तर काडी पुरते, आणि ती प्रत्येक मुलाला स्वतःची म्हणून देता येते. परंतु दहा वेळा तेच माप यावे, एका गटाचा आकडा दुसऱ्याने पडताळावा, चूक यंत्रात आहे की विचारात हे ओळखता यावे, यासाठी भाग अचूक असावे लागतात. थरथरणाऱ्या आसावरून कोणताही आलेख सरळ येत नाही. खर्चाचे उत्तर मालकी वाटून घेण्यात आहे. तीस मुलांना तीस संच लागत नाहीत. एका ग्रंथालयात दोन पेट्या असाव्यात आणि त्या पुस्तकांप्रमाणे आठवड्याच्या मुदतीने द्याव्यात. वीट झिजण्यास वर्षे लागतात.

पैसा कोठे घालावा यासंबंधी मात्र शाळांनी अधिक सावध व्हावयास हवे. नीती आयोगाच्या योजनेतून २०१६ पासून देशातील सुमारे दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असून प्रत्येकीस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. खरेदीच्या वेळी डोळे दिपविणारे संच पुढे येतात. त्यांत संगणकीय मेंदू असतो, तो भ्रमणध्वनीवरून चालतो. अशा वस्तूंचे आयुष्य विटेच्या आयुष्याशी ताडून पाहावे. लेगोचे माइंडस्टॉर्म्स हे यंत्रमानवाचे संच १९९८ मध्ये निघाले, त्यांवर जगभर उत्तम काम झाले, आणि २०२२ अखेर ते बंद झाले. मोटरच्या तारांचे जोड त्या काळात एकाहून अधिक वेळा बदलले. विटेची खुंटी तेवढी बदलली नाही. शाळेने विटा, तुळया, आस, दंतचक्रे, चाके आणि दोन तारांची साधी मोटर यांवर मोठा हिस्सा खर्च करावा. मेंदू लागलाच तर तो निराळा, स्वस्त व कोणत्याही दुकानात मिळणारा घ्यावा. सजविलेल्या डबीतील एकाच प्रतिकृतीचा संच टाळावा. त्याच्या पुस्तिकेतील चित्रे पायरी पायरीने पाहून गाडी बिनचूक तयार होते, आणि मुलाला सोळा व चोवीस यांची जोडी का बसत नाही हे कधीच कळत नाही.

हे भाग आपल्याकडे का होऊ नयेत, हा प्रश्नही येथे टाळता येत नाही. मूळ विटेवरील एकस्वाची मुदत केव्हाच संपली आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये व युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये विटेच्या आकारावर व्यापारचिन्हाचा हक्क नाकारला. भारताने खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले, आणि जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्या नियमांचा रोख सुरक्षिततेवर आहे, व तो योग्यच आहे. परंतु शुल्काच्या भिंतीआड वाटेल तशी सैल वीट तयार झाली तर शाळांचा काहीच लाभ नाही. वीट चांगली होते ती साच्यामुळे, आणि साचा घडविणे हे नेमके ते काम आहे ज्यासाठी चंदीगडचे इंडो-स्विस केंद्र, छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम यांसारख्या संस्था उभारल्या गेल्या. दंतचक्राचा एक साचा मिलिमीटरच्या शतांशापर्यंत अचूक करणारा कारागीर देशात आहे. त्याला खेळण्याचे काम हलके वाटते आणि खेळणी करणाऱ्याला त्याची मजुरी जड वाटते. मधली खिंड शाळांच्या एकत्रित मागणीवाचून भरून निघणार नाही. शासनाने खरेदीच्या अटींत रंग व चित्रांऐवजी खुंट्यांचे अंतर, आसाची जाडी व त्यांतील अनुज्ञेय चूक लिहिण्यास आरंभ केला, तर त्या मागणीला आकार येईल.

ग्रंथालयाच्या पेटीत काय असावे? आठ, चोवीस व चाळीस दात्यांची दंतचक्रे प्रत्येकी सहा. सोळा दात्यांची चार, मुद्दाम. छिद्रांच्या तुळया व पाट्या भरपूर. दोन आकारांची चाके. एक मोटर, सेलांची डबी, दिशा उलटविण्याची कळ. त्याबरोबर पाचशे ग्रॅमचा स्प्रिंगचा काटा, पन्नास ग्रॅमची दहा वजने, मोजपट्टी आणि एक जाड वही. पेटी परत करताना प्रतिकृती मोडून भाग मोजून द्यावेत; वही मात्र पेटीतच राहावी, आणि प्रत्येक गटाने आपल्या टगचे वजन, चाकाचा व्यास, दंतचक्रांचे प्रमाण, मोजलेला वेग व मोजलेली ओढ तीत लिहावी. पुढील गटाने आधीचे पान वाचून तोच टग पुन्हा बांधावा आणि आकडे जुळतात का ते पाहावे. न जुळल्यास कारण त्याच पानाच्या समासात लिहावे. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांसमोर टगबरोबर ही वहीही ठेवावी, आणि सव्वा किलोचे विमान टेबलावर आखलेल्या रेषेवरून एक मीटर मागे ढकलून दाखवावे, दांडा न मिटू देता.